अर्ज दोघं वाचतात

शिरूर कासार, पाटोदा, आष्टी या पट्ट्यातली मुलंमुली आता फिजिक्स आणि गणितात पीएच.डी. करू लागली आहेत. नेट-जेआरएफ कशी काढायची हे सांगणारे बीडला आणि संभाजीनगरला पुष्कळ भेटतात. त्याच्या पुढचं कुणी सांगत नाही. पीएच.डी. झाली, पोस्टडॉक झाली, आठ-दहा वर्षं संशोधन झालं. आता सहयोगी प्राध्यापक किंवा रीडर म्हणून अर्ज करायचा, तो कसा? माझ्या घरचे दसरा झाला की कोयता घेऊन कारखान्याला जायचे आणि उन्हाळ्यात परत यायचे. ज्याला विचारावं असा माणूस घरात नव्हता, गावातही नव्हता. मी शिकलो ते आधी नकार घेऊन, आणि पुढे छाननीच्या टेबलाच्या पलीकडे बसून.

वरिष्ठ पदाचा अर्ज दोघं वाचतात. आधी कार्यालय वाचतं आणि प्रत्येक दाव्याचा कागद शोधतं. त्यातून अर्ज सुटला तर विषयातला माणूस वाचतो आणि तुमच्या डोक्यात पुढचं काय आहे ते शोधतो. आपली हुशार मुलं बहुतेक दुसऱ्यासाठीच लिहितात. विष्णू वासुदेव नारळीकरांना मदनमोहन मालवीयांनी 1932 साली केंब्रिजहून थेट बनारसला गणिताचे प्रमुख म्हणून बोलावून घेतलं, ही गोष्ट आम्हीही भारावून ऐकली होती. तसे दिवस राहिले नाहीत. आज जाहिरात असते, पोर्टल असतं आणि शेवटची तारीख असते.

राज्यातल्या विद्यापीठांत, म्हणजे आपलं मराठवाडा विद्यापीठ घ्या नाहीतर नांदेडचं, यूजीसीचे 2018 चे नियम चालतात. सहयोगी प्राध्यापकासाठी पीएच.डी., 8 वर्षांचा अनुभव, 7 शोधनिबंध आणि 75 चा रिसर्च स्कोअर. प्राध्यापकासाठी 10 वर्षं, 10 निबंध आणि 120. जानेवारी 2025 मध्ये आयोगाने नवा मसुदाही काढला, म्हणून जाहिरातीत कोणते नियम लागू आहेत ते आधी वाचा. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, पुण्याची आयुका किंवा आयसर इथे ही गुणांची बेरीज चालत नाही. तिथे तुमचं काम वाचतात.

या बेरजेत आपल्या विषयावर अन्याय होतो, तो नीट समजून घ्या. नियम म्हणतो, निबंधाचे लेखक दोनपेक्षा जास्त असतील तर प्रथम, मुख्य किंवा पत्रव्यवहाराच्या लेखकाला 70 टक्के गुण आणि बाकीच्यांना प्रत्येकी 30 टक्के. प्रयोगशाळेतल्या विज्ञानात हे ठीक आहे, कारण तिथे ज्याने राबून काम केलं त्याचं नाव पहिलं असतं. गणितात आणि आपल्या सैद्धांतिक भौतिकशास्त्राच्या बऱ्याच शाखांत नावं इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने छापतात. सानप, तांदळे, वाघमारे यांचं नाव शेवटीच येणार, मग निबंधातली मुख्य सिद्धता त्यांनी एकट्याने केलेली का असेना. एका छाननीत माझ्या बहुतेक निबंधांपुढे 30 टक्के लिहिलेले मी पाहिले. वाईट वाटलं. पण मोजणाऱ्याने समोरच्या नियमाप्रमाणेच मोजलं होतं.

याला उपाय आहे, पण तो अर्जाच्या वेळीच करावा लागतो. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीने 2004 साली एक निवेदन काढलं आहे. गणितात संयुक्त निबंधांवर नावं वर्णक्रमाने येतात आणि क्रमावरून कुणाचं योगदान ठरत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. ते अर्जाला जोडा. प्रत्येक निबंधात तुमचा वाटा काय, हे दोन ओळींत लिहा आणि त्यावर सहलेखकाचं पत्र घ्या. पत्रव्यवहाराचा लेखक म्हणून तुमचं नाव असेल तर ते ठळक दाखवा. इम्पॅक्ट फॅक्टरचंही तसंच आहे. तो 1 ते 2 असला की निबंधाला 15 गुण, 10 च्या वर असला की 30. आपल्या क्षेत्रात 10 च्या वरची नियतकालिकं फारच थोडी. 1960 पासून चालत आलेलं जर्नल ऑफ मॅथेमॅटिकल फिजिक्सही खालच्याच पट्टीत बसतं. म्हणून गुण मोजताना काठावर राहू नका, चार निबंध जास्तीचे हाताशी ठेवा.

नावाचंही बघा. दहावीच्या सनदेवर आपलं आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. परदेशातल्या एका विद्यापीठाने शेवटचा शब्द तेच आडनाव असं धरलं आणि माझं अनुभव प्रमाणपत्र वडिलांच्या नावाने निघालं. निबंधांवर नाव वेगळं, प्रमाणपत्रावर वेगळं. हा एकच माणूस कशावरून, ही कार्यालयाची शंका रास्त होती. पहिल्या निबंधापासून एकच नाव धरा, ऑर्किड (ORCID) हा संशोधकाचा ओळख क्रमांक काढा, आणि तफावत असेलच तर प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

पोस्टडॉकचं प्रमाणपत्र संस्था सोडण्याआधीच मागून घ्या. त्यावर पदाचं नाव, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, काम पूर्णवेळ होतं हे, आणि मानधन, एवढं हवंच. तात्पुरत्या सेवेचा अनुभव धरताना नियम असा आहे की मिळणारी रक्कम कायम सहायक प्राध्यापकाच्या एकूण पगारापेक्षा कमी नसावी. मानधनाचा आकडा नसलेलं सुंदर पत्र तिथे उपयोगी पडत नाही.

आधीच सरकारी किंवा अनुदानित नोकरीत असाल तर अर्ज थ्रू प्रॉपर चॅनेल जावा लागतो. माझी ना हरकत प्रमाणपत्राची फाइल एका कार्यालयात पडून राहिली आणि मुदत निघून गेली. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, जाहिरातीची वाट न पाहता ना हरकतीसाठी अर्ज देऊन पोच घ्या, आणि पदाच्या अर्जाची आगाऊ प्रत मुदतीत थेट पाठवा. दाखल्यांचंही तसंच. राज्याचा एनटी-डीचा दाखला केंद्रीय संस्थेत चालत नाही. तिथे केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला लागतो. सेतू केंद्रात हे स्पष्ट सांगा.

आता दुसरा वाचक. त्याच्यापुढे तुमच्याआधी तुमच्याबद्दलची पत्रं पोहोचलेली असतात. आपल्याकडच्या पोरांना पत्र मागायचा फार संकोच वाटतो. कुणाकडे वशिला लावतोय असं वाटतं, मग ती मार्गदर्शकाचं आणि त्यांच्या मित्राचं पत्र घेऊन मोकळी होतात. वरिष्ठ पदाला हे पुरत नाही. ज्यांनी तुमच्यासोबत कधी निबंध लिहिला नाही, तरी तुमचं काम वाचलं आणि वापरलं, अशा माणसांची पत्रं समिती शोधते. अशी माणसं अर्ज भरायच्या महिन्यात भेटत नाहीत. तालुक्याच्या कॉलेजात शिकवणाऱ्यालाही ती भेटावीत, यासाठी आयुकाची असोसिएट योजना आहे. विद्यापीठ-महाविद्यालयातल्या शिक्षकांना तिथे जाऊन राहता येतं, काम करता येतं, बोलता येतं. बंगळुरूच्या आयसीटीएसमध्ये वर्षभर कार्यक्रम चालतात. तिथे जा, फळ्यासमोर उभे राहा, प्रश्न विचारा. पत्र मागताना आपला पुढच्या संशोधनाचा आराखडा आणि तीन निवडक निबंध सोबत पाठवा, आणि लिहायला दोन महिने द्या.

आणि आराखडा. झालेल्या कामाची यादी म्हणजे आराखडा नव्हे. मार्गदर्शकाच्या गटाहून वेगळं असं तुमचं काय, हा प्रश्न मुलाखतीत हमखास येतो. आयुकात संजीव धुरंधर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गुरुत्वीय लहरींचा क्षीण संकेत गोंगाटातून कसा वेचायचा याचं गणित बांधलं, तेव्हा लहर सापडायला दोन दशकांहून जास्त काळ होता. ती सापडली 14 सप्टेंबर 2015 ला. इतका काळ टिकेल असा प्रश्न तुमच्या आराखड्यात एक तरी असावा. आता अशा लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा आपल्या मराठवाड्यातच, हिंगोलीत औंढ्याजवळ उभी राहते आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 2,600 कोटींना मान्यता दिली. तिला संख्याशास्त्र, आंशिक विकलक समीकरणं आणि संगणन जाणणारी माणसं लागणार आहेत. तुमचा विषय त्याच्या जवळचा असेल तर तसं लिहा, आणि नसेल तर ओढूनताणून जोडू नका. समितीतला माणूस ते पहिल्या परिच्छेदातच ओळखतो.