खंबातचा वारा मांडवीपर्यंत कसा येणार?

मांडवीत खाली रस्त्यावर उभं राहिलं तर वारा नावाचं काही असतं यावर विश्वास बसत नाही. तो सापडतो वर, गच्चीवर. आपल्या बडोदी मराठीत अगाशीवर. उत्तरायणात पतंग उडवणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. आधी ठुमके मारून मारून हात दमतो, आणि पतंग एकदा घरांच्या वर गेला की दोरा आपोआप ओढ घेतो. घरं, झाडं, पोळांच्या भिंती वाऱ्याला अडवतात. समुद्रावर अडवायला काहीच नाही. पवनचक्क्या समुद्रात न्यायच्या, यामागचं निम्मं विज्ञान एवढंच. उरलेलं निम्मं असं, की वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली ऊर्जा आठपट होते. म्हणून सेकंदाला एक-दोन मीटर जास्त वेग मिळावा यासाठी माणसं समुद्राच्या तळात पोलादी खांब ठोकायला तयार होतात.

मंडळाच्या अभ्यासलेखासाठी मी हा विषय घेतला तेव्हा ‘साहित्यवाल्यांचा याच्याशी काय संबंध?’ असं विचारलं गेलं. संबंध आहे, पण आधी हकिगत बघू.

जगात पहिल्यांदा हे केलं डेन्मार्कने. १९९१ साली विंडेबी इथे ११ पवनचक्क्या समुद्रात उभ्या राहिल्या. त्या पंचवीस वर्षं चालल्या आणि २०१७ मध्ये उतरवल्या. आपल्याकडे राष्ट्रीय धोरण आलं २०१५ मध्ये. डेन्मार्कमध्ये पहिल्या चक्क्या निघाल्या त्याच वर्षी खंबातच्या आखातात, पिपावाव बंदरापासून सुमारे २३ किलोमीटरवर, वारा मोजणारं लायडार यंत्र बसलं. हे यंत्र लेझरच्या किरणांनी उंचावरच्या वाऱ्याचा वेग मोजतं. २०१८ मध्ये १००० मेगावॅटच्या प्रकल्पासाठी कंपन्यांकडून स्वारस्य मागवलं गेलं आणि २०२२ पर्यंत ५००० मेगावॅट असं उद्दिष्टही जाहीर झालं. २०२२ येऊन गेलं, चक्की एकही नाही.

कारण पैसा. समुद्रात पाया घालणं, खास जहाजं आणणं, खाऱ्या हवेत दुरुस्ती करणं, यामुळे ही वीज जमिनीवरच्या पवनविजेपेक्षा कितीतरी महाग पडते. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्याजवळ प्रत्येकी ५०० मेगावॅटसाठी ६८५३ कोटी, आणि अवजड सुटे भाग हाताळता यावेत म्हणून दोन बंदरांच्या सुधारणेला ६०० कोटी. या मदतीला सरकारी मराठीत ‘व्यवहार्यता तफावत निधी’ म्हणतात. शब्द तोंडात मावत नाही, पण अर्थ सरळ आहे: खर्च आणि परवडणारा दर यांच्यामधला खड्डा सरकार भरणार. भागाकार केला तर मेगावॅटमागे पावणेसात कोटींहून जास्त! मग एवढं का करायचं?

त्याचं उत्तर एका आकड्यात आहे. या १००० मेगावॅटमधून वर्षाला ३७२ कोटी युनिट मिळतील असा सरकारचा अंदाज आहे. यंत्रं वर्षभर पूर्ण ताकदीने फिरली असती तर ८७६ कोटी मिळाले असते. म्हणजे क्षमतेच्या ४२ टक्के. सौरऊर्जेला हे जमत नाही, कारण रात्र असते. शिवाय आपल्या किनाऱ्यावर वारा सगळ्यात जोरात असतो पावसाळ्यात, जेव्हा ढगांमुळे सौर पॅनल मंदावतात. संध्याकाळी सगळ्या घरांत दिवे लागतात तेव्हाही वारा सूर्याबरोबर मावळत नाही.

आता ही वीज इथे कशी येणार? लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर, गेंडीगेट या चार दरवाजांतून आत येणारे रस्ते मांडवीखाली भेटतात. उपकेंद्र म्हणजे विजेची मांडवी. समुद्रातल्या चक्क्यांच्या केबल तिथल्याच एका फलाटावरच्या उपकेंद्रात जमतील, तिथे दाब वाढवला जाईल आणि तळाखाली पुरलेल्या जाड केबलने वीज किनाऱ्यावर येईल. हा भाग पॉवरग्रिडने बांधायचा आहे. पुढे राज्याची वाहिनी, म्हणजे गेटको, जिचं मुख्यालय आपल्याच शहरात रेसकोर्सला आहे. आणि त्याच्याही पुढे अख्खा देश. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर वाहिनीने दक्षिणेची ग्रिड उरलेल्या देशाशी जोडली, तेव्हापासून सगळ्या भारताचा ठोका एकच आहे, ५० हर्ट्‌झ. त्यामुळे मांडवीतला दिवा खंबातच्या वाऱ्यावर लागला की आणखी कुठल्या कोळशावर, हे कुणीच सांगू शकणार नाही. ग्रिडमध्ये वीज नाव सांगत नाही.

आणि आता शब्दांकडे. पवनचक्की हा शब्द गोड आहे, पण ती काही दळत नाही. इंग्रजीत तिथे ‘फार्म’ म्हणतात, म्हणजे शेत. मला हाच शब्द अडतो. शेत म्हटलं की सातबारा आला, बांध आला, मालक आला. समुद्राबद्दल मात्र नेहमी ऐकू येतं की तिथे भूसंपादनाची कटकट नाही, जागा मोकळी आहे. माझं आजोळ वसईचं. डोल जाळी बांधण्यासाठी समुद्रात रोवलेल्या खुंटांच्या रांगेला तिकडे कव म्हणतात. कुणाची कव कुठे, हे आजोबांना पाठ होतं, आणि कवींवरून गावागावांत भांडणंही होतात. मोकळ्या जागेवरून कोण भांडतं? पिपावावच्या शेजारचं जाफराबादही डोल जाळ्यांचं आणि बोंबलांचं गाव आहे. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ याच किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा तिथल्या बोटी फुटल्या आणि गावं कित्येक दिवस अंधारात राहिली.

मी प्रकल्पाच्या विरोधात नाही. कोळसा जाळत राहण्यापेक्षा हे बरं, असंच मला वाटतं. पण समुद्रतळ भाडेपट्ट्याने देण्याचे २०२३ चे नियम दिल्लीचे, किनाऱ्यालगतची मासेमारी राज्याची, आणि कवीची नोंद फक्त लोकांच्या तोंडी. नकाशा काढताना ती तोंडी नोंद आधी कागदावर यायला हवी, भाडेपट्टा झाल्यावर नाही. यात कंपनीचाही फायदा आहे. खंबातचं आखात गाळाचं आहे. आत भावनगरकडे भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या घरात जातो, आणि त्या ओढीने तळचा गाळ सरकत राहतो. आज पुरलेली केबल उद्या उघडी पडू शकते आणि एखाद्या बोटीच्या नांगरात अडकू शकते. गाळ कुठल्या महिन्यात कुठे सरकतो, हे डोल लावणाऱ्या तांडेलाला रोजच्या कामामुळे ठाऊक असतं.