आधी हिशेबाची वही घे

ठाणे

चि. सोनूस,


पर्लमन कॅम्पच्या नेतृत्व शिबिराला निघालीस, हे तुझ्या आईकडून कळलं. तुमची बीबीवायओ ही ज्यू मुलामुलींची संघटना मला आवडते. 1924 साली अमेरिकेत ओमाहातल्या ज्यू मुलांना इतर मुलांच्या मंडळांत घेत नव्हते, म्हणून त्यांनी आपलं मंडळ काढलं. मुलींच्या शाखेला रीतसर मान्यता मिळायला मात्र 1944 उजाडलं!

परतल्यावर लगेच 'नसिया'च्या, म्हणजे अध्यक्षपदाच्या, निवडणुकीला उभी राहू नकोस. आधी मजकीराचं, म्हणजे चिटणिसाचं, किंवा खजिन्याचं काम माग. भाषण तुला येतंच, लहानपणी गप्प बसवताना आमचा जीव जायचा. न येणाऱ्यांना आणणं हे खरं काम. इथे सकाळच्या प्रार्थनेला मिन्यान, म्हणजे दहा पुरुष, जमवायचा तर आदल्या रात्री कुणाला तरी फोन फिरवावे लागतात. कुणाचे गुडघे दुखतात, कोण कुणावर रुसलाय, हे फोन फिरवणाऱ्याला ठाऊक असतं. (दहा पुरुषच का, यावर तू भांडशील. भांड.)

अशा कामाचं उदाहरण हवं तर आपले हाईम सॅम्युएल केहीमकर आठव. 1875 साली त्यांनी मुंबईत आपल्या बेने इस्राएल ज्यू मुलांसाठी शाळा काढली, तीच आजची माझगावची सर एली कदूरी. तिथे आता आपली पोरं जवळपास नाहीत, दुसऱ्यांची शिकतात. मला तर यातच केहीमकरांची कर्तबगारी दिसते. समाजाचा इतिहास त्यांनी 1897 मध्ये लिहून पुरा केला. छापला गेला 1937 मध्ये, ते गेल्यावर. कागद नीट ठेवले होते म्हणून छापता आला. तूही तुमच्या बैठकांची टिपणं पुढच्या मुलीला कळतील अशी लिही.

तुला कुणीतरी विचारेलच, "भारतातले ज्यू? खरंच?" आपण पुरे ज्यू आहोत हे इस्राएलच्या संसदेलासुद्धा 1964 मध्ये ठराव करून सांगावं लागलं, तेही आपल्या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणं धरल्यावर. एवढं सांग आणि विषय बदल. त्यापेक्षा घरी परतल्यावर सगळ्यांना मलिद्याच्या विधीला बोलाव. त्यात प्रेषित एलियाहू हानबीचं नाव घ्यायला कुणाची हरकत नसावी. पण ताट एकटीनं मांडू नकोस. नारळ एकीला, फळं दुसरीला, वेलची कुटायला तो प्रश्न विचारणारा. ओला नारळ मिळाला नाही तर गोठवलेला चालेल. खर्च किती आला ते मला कळव, अर्धा मी देईन.

तुझे,
नाना