फिजिओथेरपिस्टकडे जाण्यापूर्वी हे माहीत असू द्या

कंबर धरते, खांदा वर जात नाही, प्लास्टर निघाले तरी गुडघा वाकत नाही, लकव्यानंतर हात उचलत नाही. अशा वेळी डॉक्टर सांगतात, 'फिजिओथेरपी करा.' रोजमजुरीवर चालणाऱ्या घरात प्रत्येक सिटिंगचे पैसे जड जातात, शिवाय त्या दिवसाचा रोज बुडतो. म्हणून खाजगी केंद्रात जाण्याआधी काही गोष्टी समजून घ्या.

पदवी विचारा : फिजिओथेरपिस्टची मूळ पदवी बी.पी.टी., त्यापुढची एम.पी.टी. महाराष्ट्रात या व्यवसायासाठी 2002 च्या कायद्यानुसार स्वतंत्र राज्य परिषद आहे. तिचा नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नको. मालिश करणारा किंवा हाड बसवणारा म्हणजे फिजिओथेरपिस्ट नव्हे.

सोबत काय न्यावे : एक्स-रे, एमआरआय, ऑपरेशनचे कागद आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी न्या. कपडे सैल घाला. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर ते सांगा, कारण शेकाचा चटका कळत नाही आणि भाजते. हृदयात पेसमेकर असेल, शरीरात रॉड-प्लेट असेल किंवा गरोदरपण असेल तर मशीन लावण्यापूर्वीच सांगा. काही मशीन अशा रुग्णांना चालत नाहीत.

सिकलसेल लपवू नका : हा आजार विदर्भात आणि आपल्या समाजात बराच आढळतो. लग्न जुळणार नाही या भीतीने अनेक घरे तो बोलत नाहीत. पण सिकलसेलच्या रुग्णाला बर्फाचा शेक देऊ नये. थंडीने वेदनेचा झटका येऊ शकतो. व्यायामही दमवणारा नसावा आणि मध्ये पाणी प्यावे. जांघेत किंवा मांडीत दुखणे रेंगाळले तर खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. सुरुवातीला तो साध्या एक्स-रेत दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो. असे दुखणे गुडघ्यातही जाणवते आणि रुग्ण महिनोन्महिने गुडघाच शेकत बसतो. आधी तपासणी, मग व्यायाम.

आधी दवाखाना गाठा : कंबरदुखीसोबत लघवी-संडासवरचा ताबा सुटला, जांघेमधला भाग बधिर झाला किंवा पायातली शक्ती गेली, ताप आहे, वजन घटते आहे, एकच पिंढरी सुजून दुखते आहे, सिकलसेलच्या रुग्णाला छातीत दुखते, धाप लागते. यापैकी काहीही असेल तर फिजिओथेरपीची वाट पाहू नका. त्याच दिवशी रुग्णालयात जा.

पहिल्या दिवशी विचारा : मला नेमके काय झाले आहे? किती सिटिंग लागतील? सुधारणा कशावरून ओळखायची? घरी कोणता व्यायाम करायचा? चांगला फिजिओथेरपिस्ट सांधा किती वाकतो ते मोजतो, चालायला लावून पाहतो. नुसता शेक आणि करंट देऊन रोज परत पाठवत असेल, तर व्यायाम का नाही ते विचारा. बहुतेक जुन्या दुखण्यांत खरा गुण नियमित व्यायामानेच येतो. मशीन फार तर तात्पुरता आराम देते.

पूर्ण पॅकेजचे पैसे आगाऊ भरू नका. पावती मागा. चार-पाच सिटिंगनंतर काय बदलले ते विचारून पुढचे ठरवा. महिलांनी सोबत कोणी थांबावे असे सांगितले, तर तो त्यांचा हक्क आहे. उपचारासाठी लागतो तेवढाच भाग उघडा करायचा, तोही आधी सांगून.

खर्च झेपत नसेल तर उपचार सोडू नका. नागपुरात मेडिकलमध्ये फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी दोन्ही विभाग आहेत. रोज जाणे जमत नसेल तर व्यायाम नीट शिकून घ्या, वहीत लिहून घ्या आणि घरी करा. लकव्याच्या रुग्णाच्या बाबतीत तर घरातल्या एकाने तरी ते शिकलेच पाहिजेत. त्याचे सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात. ते वाया जाऊ देऊ नका.