टीसीपीडम्प : संगणक-जाळ्यातील दोषाचा शोध

ग्रामपंचायतीच्या संगणकावर संकेतस्थळ उघडेनासे झाले की दाखल्यासाठी आलेला माणूस रिकाम्या हाताने परततो आणि दोष तारेच्या माथी मारला जातो. तार मात्र पुष्कळदा निर्दोष असते. जाळ्यातून जाणारी माहिती लहान लहान पॅकेटांच्या रूपाने प्रवास करते. ती टिपून ओळींच्या रूपात दाखविणारी टीसीपीडम्प ही आज्ञावली १९८८ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत तयार झाली. तीत चित्रे नाहीत. आज्ञा टंकित करावयाची व उमटेल ते वाचावयाचे.

आज्ञेपुढे ‘पोर्ट ५३’ एवढे लिहिले की संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता विचारणारी पॅकेटे तेवढी दिसतात. प्रश्न गेला, उत्तर आले नाही, तर अडचण नामसेवेत किंवा तिच्या वाटेत आहे. पत्ता मिळूनही जोडणी मागणारे ‘सिन’ पॅकेट पुनःपुन्हा निरुत्तर राहिले, तर वाटेत अडसर असावा अथवा पलीकडील सर्व्हर बंद असावा. उलट ‘रीसेट’ परत आले, तर वाट बहुधा मोकळी असून ती सेवाच तेथे चालू नसते. तक्रार कोणाकडे करावयाची, हे येथेच ठरते.

टिपलेल्या फायलीत इतरांचे उघडे परवलीचे शब्दही सापडू शकतात. म्हणून प्रशासकाच्या अनुमतीनेच ती तयार करावी व काम होताच पुसून टाकावी.