जुन्या हार्ड डिस्कवरील बंद दप्तर

गेल्या पावसाळ्यांत इयत्ता नववींतील एक मुलगी कापडांत गुंडाळलेली हार्ड डिस्क घेऊन आमच्याकडे आली. तिचे वडील निवर्तल्यास दोन वर्षें झालीं होतीं. त्यांचा संगणक भंगारांत गेला. एवढी एकच वस्तु तिच्या आईनें जपून ठेविली होती. आम्हीं ती शाळेच्या संगणकास जोडली. फोल्डरांचीं नांवें दिसलीं, परंतु एकही उघडेना. ‘आपणांस परवानगी नाहीं’ इतकेंच उत्तर मिळे. मुलगी रडकुंडीस आली.

हें असें कां व्हावें? १९९३ सालीं विंडोज एनटीबरोबर एनटीएफएस नांवाची मांडणी आली. तींत प्रत्येक फाइलीस तिचा मालक कोण व ती कोणीं उघडावी, याची यादी जोडलेली असते. यादींत माणसाचें नांव नसून त्याच्या खात्यास संगणकानें दिलेला एक लांबलचक क्रमांक असतो. नव्या संगणकावर तेंच नांव व तोच पासवर्ड घेऊन खातें काढलें, तरी क्रमांक निराळाच पडतो. जुना हजेरीपट घेऊन बसलेला पट्टेवाला नव्या मुलास दारांत अडवितो, त्यांतलाच हा प्रकार. लिनक्सवर चालणारा संगणक ही यादी बहुधा पाहातच नाहीं व त्याच फाइली बिनतक्रार वाचतो. अर्थात् हें कुलूप नव्हे, केवळ पहारा आहे.

पहारा उठविण्याची रीत कठीण नाहीं. प्रशासकाच्या खात्यानें प्रवेश करावा. फोल्डरावर माउसचें उजवें बटण दाबून प्रॉपर्टीज, तेथून सिक्युरिटी, पुढें अ‍ॅडव्हान्स्ड असें जावें. मालकाच्या नांवापुढील ‘चेंज’ दाबून आपलें खातें लिहावें व आंतील सर्व फोल्डरांसही तोच मालक लागू व्हावा अशी खूण करावी. येथेंच पुष्कळ जण फसतात. मालकास यादी बदलण्याचा हक्क मिळतो. वाचण्याचा हक्क त्यानें आपणच यादींत लिहावयाचा असतो. म्हणून पुन्हां सिक्युरिटींत जाऊन आपल्या खात्यास ‘फुल कंट्रोल’ द्यावा, आणि मग फाइली लागलीच दुसरीकडे उतरून घ्याव्या. डिस्क टकटक आवाज करीत असेल, तर यांतलें कांहींच न करितां ती जाणत्याच्या हवालीं करावी. कोणी ‘फॉरमॅट’ करण्याचा सल्ला देतात. त्यानें परवानगीचा प्रश्न सुटतो खरा, कारण फाइलीच उरत नाहींत!

या रीतीनें त्या मुलीच्या घरचीं छायाचित्रें सर्व मिळालीं. ‘पत्रें’ नांवाचें एक फोल्डर मात्र उघडलें तरी आंतील फाइली वाचतां येईनात. त्यांच्या चित्रांवर लहानसें कुलूप होतें. विंडोज २००० पासून फाइलींतील मजकूरच सांकेतिक करून ठेवण्याची सोय आहे, आणि वडिलांनीं ती वापरली होती. येथें मालकी बदलून उपयोग नाहीं, किल्ली पाहिजे. ती किल्ली त्याच डिस्कवर, परंतु वडिलांच्या पासवर्डानें बंद आहे. आरंभींच त्यांनीं ती निराळ्या जागीं उतरून ठेविली असती, तर काम एका तासाचें होतें. पालकांनीं आपल्या संगणकावर अशी सोय वापरली असल्यास घरांतील एका तरी माणसास तें ठाऊक असावें.

डिस्क पुसूं द्यावयास आई तयार नाहीं. पासवर्डांत मुलीच्या जन्माचें साल होतें, एवढें त्यांना आठवतें. दर शनिवारीं शाळा सुटल्यावर ती मुलगी एक नवी चिठ्ठी घेऊन येते, आणि आम्ही दोघें ती टाइप करून पाहातों.