धडा : सूत्र फिरवून घ्यावे

गडमुडशिंगी हे करवीर तालुक्यातले गाव. भोवती उसाचा मुलूख. येथे हिशेब कुणाला चुकत नाही. कुणाला जमिनीची वाटणी, कुणाला खताच्या खेपा, तर कुणाला घेतलेल्या पैशाचे व्याज. हिशेबाची रीत आपल्याला आली, की दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. ती रीत आज शिकू या.

१. सूत्राचा कर्ता

हिशेबाची रीत थोडक्यात लिहिली, की तिला सूत्र म्हणतात. शेताचे सूत्र असे :

क्षेत्रफळ = लांबी × रुंदी

डावीकडे 'क्षेत्रफळ' एकटे बसले आहे. ते या सूत्राचा कर्ता. लांबी आणि रुंदी ठाऊक असली, की क्षेत्रफळ निघते. पण अडचण पुष्कळदा निराळीच असते.

दोघा भावांची वाटणी झाली. धाकट्याला २० गुंठ्यांची सरळ पट्टी मिळाली. पट्टी ६६ फूट रुंद आहे. बांध किती लांबीवर घालायचा? येथे लांबी हवी आहे. म्हणून लांबीला कर्ता करू :

लांबी = क्षेत्रफळ ÷ रुंदी

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. २० गुंठे म्हणजे २१,७८० चौरस फूट. त्याला ६६ ने भागले. लांबी आली ३३० फूट. पडताळा पाहा : ३३० × ६६ = २१,७८०. हिशेब जुळला. आता बांधावरून भांडण नको.

२. तागडीचा नियम

रुंदी आधी गुणत होती. मग ती भागायला कशी लागली?

बरोबरचे चिन्ह म्हणजे तागडीचा काटा समजा. एका पारड्यात जे कराल, तेच दुसऱ्यात करा. म्हणजे काटा हलत नाही. आपण दोन्ही पारड्यांना रुंदीने भागले. उजवीकडे लांबी एकटी राहिली. एवढेच झाले.

ध्यानात ठेवा : गुणाकार सोडवायचा तर भागा. भागाकार सोडवायचा तर गुणा. बेरीज सोडवायची तर वजा करा. वजाबाकी सोडवायची तर मिळवा.

३. शेवटचे आधी सोडावे

शेणखताच्या एका खेपेला ८०० रुपये पडतात. भरणाऱ्यांची हमाली ठोक ३०० रुपये. सूत्र असे :

एकूण खर्च = दर × खेपा + हमाली

एकूण ४,३०० रुपये मागितले. खेपा किती झाल्या असतील?

गाडी जुंपताना जे शेवटी केले, ते सोडताना आधी करतो. येथे हमाली शेवटी मिळवली होती. ती आधी वजा करा : ४,३०० − ३०० = ४,०००. मग दराने भागा : ४,००० ÷ ८०० = ५. खेपा पाच. रानात सहा ढीग पडले असतील तर ठीक नाही, चार पडले असतील तरी ठीक नाही. जाऊन मोजून या.

ही उलटी रीत फार जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती' हा ग्रंथ लिहिला. त्यात ती सांगितली आहे. तिला व्यस्तविधी म्हणतात. पुढे त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापला.

४. व्याजाचा दर

सरळ व्याजाचे सूत्र सर्वांनी पाठ करावे :

व्याज = मुद्दल × दर × मुदत ÷ १००

दर म्हणजे वर्षाला शेकडा किती, आणि मुदत वर्षांत धरायची. आता वर्गातले हे बोलणे वाचा.

मावशी : गुरुजी, म्हशीसाठी दहा हजार घेतल्यात. म्हैन्याला पाचशेच व्याज. लई न्हाई वो.

गुरुजी : मावशी, वर्षाचे किती झाले?

मावशी : बारा पंचे साठ. सहा हजार की!

गुरुजी : आता दराला कर्ता करा.

दर = व्याज × १०० ÷ (मुद्दल × मुदत)

मावशी : सहा हजार गुणिले शंभर, भागिले दहा हजार. आले साठ. वर्साला शेकडा साठ? आत्ता गं बया!

गुरुजी : हातात किती पडले होते?

मावशी : साडेनऊ हजार. पैल्या म्हैन्याचं व्याज आदीच कापून घेतलं.

तात्या : मग मुद्दल साडेनऊच धराय पायजे. ६,००,००० भागिले ९,५००. त्रेसष्टाच्या वर गेलं की वो!

गुरुजी : बरोबर. हेच दहा हजार शेकडा १२ ने घेतले असते, तर वर्षाचे व्याज किती?

मावशी : बाराशे. म्हंजे चार हजार आठशे जास्ती चाल्लंय. कुणी सांगिटलंच न्हाई मला.

गुरुजी : सांगणारा 'महिन्याला पाचशेच' असे सांगतो. दर आपण काढायचा असतो.

सावकारीला कायदा आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ सालचा आहे. परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे. परवाना असला तरी मनाला येईल तो दर लावता येत नाही. पैसे भरले, की सहीची पावती मागून घ्यावी. तक्रार असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था, यांच्या कार्यालयात लेखी द्यावी. अर्जात आपण काढलेला दर लिहावा.

कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये, सहीही करू नये. आधी दर काढावा, मग पैसे घ्यावेत.

५. स्वाध्याय

(१) शेत ३० गुंठे आहे. लांबी ४९५ फूट. रुंदी किती?

(२) मुद्दल ८,००० रुपये, दर शेकडा १२, व्याज १,९२० रुपये. मुदतीला कर्ता करून मुदत काढा.

(३) ५,००० रुपये घेतले. सहा महिन्यांनी एकदम ५,३०० फेडले. वर्षाला दर काय पडला? (आधी मुद्दल वजा करा. सहा महिने म्हणजे अर्धे वर्ष.)

(४) आपल्या घरातले एक देणे घ्या. त्याचा दर काढा आणि घरच्यांना वाचून दाखवा.

उत्तरे : (१) ६६ फूट. (२) २ वर्षे. (३) शेकडा १२.