लेखकनिर्मित ई-पुस्तक आणि संहितेचे उत्तरदायित्व

१. प्रास्ताविक

हस्तलिखितांच्या काळात साहित्यकृतीची संहिता लेखनिकाच्या हाती होती. मुद्रणाच्या काळात ती प्रकाशक, संपादक, अक्षरजुळणीकार आणि मुद्रितशोधक यांच्या हातांतून जाऊ लागली. गेल्या दोन दशकांत लेखकाने स्वतःच आपले ई-पुस्तक घडवावे, त्याची मांडणी करावी आणि ते वाचकापर्यंत पोहोचवावे, अशी साधने महाजालावर उपलब्ध झाली आहेत. या साधनांची चर्चा बहुधा सोय, खर्च आणि विक्री या अंगांनी होते. प्रस्तुत लेखात त्यांचा विचार वाङ्मयाभ्यासाच्या दृष्टीने करण्याचा प्रयत्न आहे. ही साधने लेखकाचे श्रम कमी करतात. परंतु संहितेची जी जबाबदारी पूर्वी चार जणांत विभागलेली होती ती सगळी एकट्या लेखकावर टाकतात, आणि याची जाणीव मात्र त्याला करून देत नाहीत, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

२. साधनांचे स्वरूप

संगणकावरील ग्रंथाचा आरंभ सामान्यतः १९७१ पासून मानला जातो. त्या वर्षी इलिनॉय विद्यापीठात मायकेल हार्ट यांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकावर उतरवला आणि त्यातून 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग' उभा राहिला. मात्र निरनिराळ्या उपकरणांवर एकच पुस्तक वाचता यावे यासाठी सर्वमान्य स्वरूप हवे होते. 'ईपब' या नावाने ते २००७ मध्ये मान्य झाले आणि २०११ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती आली. ईपबची फाईल म्हणजे एक बांधलेले गाठोडे असते. प्रकरणांचा मजकूर, त्याच्या मांडणीचे नियम, चित्रे आणि पुस्तकाची ओळख सांगणारी नोंद या गोष्टी त्यात स्वतंत्रपणे ठेवलेल्या असतात.

हे गाठोडे बांधून देणाऱ्या साधनांचे तीन वर्ग कल्पिता येतील. पहिला वर्ग रूपांतर करणाऱ्यांचा. लेखकाने शब्दसंस्कारकात तयार केलेली फाईल घेऊन ही साधने तिचे ई-पुस्तक करतात. २००८ मधील 'स्मॅशवर्ड्स' हे त्याचे ठळक उदाहरण. २०२२ मध्ये ते 'ड्राफ्टटूडिजिटल' या संस्थेने ताब्यात घेतले. दुसरा वर्ग महाजालावरच लेखन व मांडणी करू देणाऱ्यांचा. २०११ मध्ये सुरू झालेल्या 'प्रेसबुक्स'मध्ये प्रकरणे ब्राउझरमध्येच लिहिली जातात आणि एकाच संहितेतून ईपब व पीडीएफ अशी दोन्ही रूपे निघतात. तिसरा वर्ग स्वतःच्या संगणकावर चालणाऱ्या मुक्त साधनांचा. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये आरंभिलेले 'कॅलिबर' आणि २००९ पासूनचे 'सिजिल' ही या वर्गातील परिचित नावे. पैकी सिजिलमध्ये गाठोडे उघडून त्यातील प्रत्येक खूण हाताने तपासता येते. संहितेच्या अभ्यासकाला हे विशेष उपयोगी आहे.

३. दिसणे आणि असणे

छापील पान स्थिर असते. पीडीएफ ही त्या पानाचीच प्रतिमा. ईपबमध्ये मात्र पान ही संकल्पनाच शिथिल होते. वाचकाने अक्षर मोठे केले किंवा लहान पडद्यावर पुस्तक उघडले की मजकूर नव्याने वाहतो. म्हणून येथे एखादी गोष्ट कशी दिसते यापेक्षा ती काय आहे, हे सांगणे महत्त्वाचे ठरते. एखादी ओळ ठळक आणि मोठी केली म्हणजे ती प्रकरणाचे शीर्षक होत नाही. 'हे शीर्षक आहे' अशी खूण तिच्यावर करावी लागते. ती केली नाही तर साधन तिला साधा परिच्छेद समजते आणि अनुक्रमणिकेत ते प्रकरण येत नाही.

कवितेच्या बाबतीत हा भेद अधिक गंभीर होतो. मुक्तछंदात ओळ कोठे तुटते, दोन शब्दांमध्ये किती अवकाश सोडला आहे, हा अर्थाचाच भाग असतो. अनेक कवी हा अवकाश जागेची कळ पुनःपुन्हा दाबून निर्माण करतात. रूपांतरात अशा सलग मोकळ्या जागा सामान्यतः एकाच जागेत मिटतात, आणि कवीने योजलेला विराम निःशब्दपणे नाहीसा होतो. तसेच लांब ओळ लहान पडद्यावर मावत नाही, तेव्हा तिचा उरलेला भाग खाली येतो आणि वाचकाला ती कवीने तोडलेली नवी ओळ वाटते. त्यावर उपाय आहे. कवितेच्या ओळींसाठी स्वतंत्र नियम करून उरलेला भाग आत सरकवता येतो. त्यामुळे मूळ ओळ आणि तिचा लोंबता तुकडा यांतला फरक डोळ्यांना कळतो. परंतु हा नियम साधन आपण होऊन करीत नाही. गद्य व पद्य यांतील भेद त्याला सांगावा लागतो, आणि तो सांगणे हा वाङ्मयीन निर्णय आहे.

४. देवनागरीचे काही प्रश्न

मराठी लेखकापुढे याखेरीज लिपीचे प्रश्न उभे राहतात. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तरी मराठी अक्षरजुळणी पुढेही बराच काळ जुन्या फाँटांवर चालली. त्या फाँटांत संगणक प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे संकेत साठवतो आणि त्यांवर देवनागरीचे रूप चढवतो. अशा फाईलची पीडीएफ दिसायला निर्दोष असते. पण तिच्यात शब्द शोधू गेल्यास तो सापडत नाही, आणि मजकूर उचलून अन्यत्र ठेवल्यास अर्थहीन अक्षरांची रास हाती येते. अशा संहितेचे ईपब करायचे तर आधी तिचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे आणि मग ती शब्दशः तपासणे अपरिहार्य आहे.

युनिकोडमध्येही सावधगिरी लागते. 'आचार्यांना बोलावले' आणि 'आचाऱ्यांना बोलावले' या वाक्यांत एकदा गुरुजन येतात, एकदा स्वयंपाकी. हा अर्थभेद केवळ 'र'च्या रूपावर अवलंबून आहे. 'आचाऱ्यांना' मधील अर्ध्या 'र'चे रूप संगणकात दोन प्रकारे साठवता येते. एक, नुक्ता असलेल्या 'ऱ'चा पाय मोडून. दुसरे, साध्या 'र'चा पाय मोडून त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात. पण शोध घेताना एक सापडते आणि दुसरे निसटू शकते. रूपांतरात ते अदृश्य चिन्ह गळून पडल्यास स्वयंपाक्यांचे आचार्य होतात! 'ॲ' या अक्षराला स्वतंत्र संकेत २००८ मध्ये मिळाला. त्यामुळे 'अ'वर अर्धचंद्र देऊन लिहिलेले जुने रूप आणि हे नवे रूप एकाच पुस्तकात शेजारी शेजारी आढळतात. कोशकार्य किंवा शब्दवारंवारतेचा अभ्यास करणाऱ्यास याचा फटका बसतो.

पुस्तकाची भाषा कोणती, हेही ईपबच्या नोंदीत सांगावे लागते. तेथे मराठीऐवजी हिंदी नोंदली गेली तर काही फाँटांत 'ल' आणि 'श' यांची हिंदी वळणाची रूपे उमटतात. जी निवड पूर्वी जुळारी करीत असे, ती आता एका नोंदीवर अवलंबून राहते.

५. आवृत्तीचा प्रश्न

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आवृत्तीचा आहे. मुद्रित ग्रंथाच्या आरंभी प्रथमावृत्ती, द्वितीयावृत्ती अशी नोंद असते. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाला मुद्रित पुस्तकाच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांना द्याव्या लागतात, त्यामुळे ती आवृत्ती कोठेतरी टिकून राहते. लेखकाने स्वतः चढवलेल्या ई-पुस्तकात मात्र दुरुस्त फाईल जुन्या फाईलची जागा घेते. शीर्षक तेच, मुखपृष्ठ तेच. आतील प्रकरण मात्र बदललेले. दोन अभ्यासक एकाच पुस्तकाचा हवाला देऊन दोन भिन्न पाठांवर वाद घालीत आहेत, अशी स्थिती सहज संभवते.

मराठीला हा प्रश्न नवा नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि पुढे त्यात कोणी आपली ओवी घालू नये, अशी ताकीद दिली. तेथे निदान ताडून पाहण्यास प्रती होत्या. ई-पुस्तकाच्या बाबतीत पूर्वीची प्रत जपलेलीच नसेल तर पाठचिकित्सेला साधनच उरत नाही. खुद्द साधनेही चिरंतन नाहीत. ॲपलने २०१२ मध्ये आणलेले 'आयबुक्स ऑथर' २०२० मध्ये बंद केले. केवळ अशा एका साधनाच्या खास स्वरूपात जपलेली संहिता त्या साधनाबरोबरच धोक्यात येते.

ईपबच्या तिसऱ्या आवृत्तीत शीर्षक, भाषा, ओळखक्रमांक आणि अखेरच्या बदलाची तारीख या चार नोंदी आवश्यक मानल्या आहेत. म्हणजे आवृत्ती ओळखण्याची सोय स्वरूपातच आहे. ही तारीख साधन बहुधा आपोआप घालते. काय बदलले आणि का बदलले, हे मात्र लेखकच सांगू शकतो.

६. निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही व्यवहार्य सूचना निघतात. लेखकाने मूळ संहिता युनिकोडमध्ये, कोणत्याही एका साधनावर अवलंबून नसलेल्या साध्या स्वरूपात जपावी. प्रत्येक बदलानंतर ग्रंथारंभी आवृत्तिक्रमांक, दिनांक आणि बदलांची चार ओळींची टीप द्यावी, आणि आधीची फाईल नष्ट करू नये. प्रसिद्धीपूर्वी पुस्तक किमान एका लहान आणि एका मोठ्या पडद्यावर वाचून पाहावे. अभ्यासकाने संदर्भ देताना केवळ वर्ष न देता फाईलमधील बदलाची तारीख द्यावी. पृष्ठांक अस्थिर असल्याने प्रकरण व परिच्छेद यांचा निर्देश करावा, आणि आपण वापरलेली प्रत जतन करावी. पदव्युत्तर वर्गात पाठचिकित्सा शिकवताना हस्तलिखितांच्या जोडीला एखादे ईपब उघडून त्याची तपासणी करून घेतल्यास हा विषय विद्यार्थ्यांना आपल्या काळाचा वाटेल.

लेखक स्वतःचा प्रकाशक झाला ही गोष्ट स्वागतार्ह आहे. ज्यांच्या लेखनाला प्रस्थापित प्रकाशनव्यवहारात स्थान मिळत नव्हते, त्यांना त्यामुळे वाट मिळाली. परंतु प्रकाशक होणे म्हणजे केवळ प्रसिद्ध करणे नव्हे. आपला शब्द कोणत्या रूपात आणि कोणत्या दिवशी वाचकाच्या हाती दिला, याची नोंद ठेवणेही त्यात येते. ती नोंद आज झाली नाही, तर उद्याच्या संशोधकाला या काळातील पुष्कळशा साहित्याचा केवळ अखेरचा पाठ मिळेल. तो कसा घडत गेला, हे मात्र कळणार नाही.